छंदापासून नोकरीपर्यंतचा आडवळणी रस्ता : मुंबईतल्या प्रोग्रॅमर मंडळींनी आपापले अनुभव लिहावेत

धागालेखक : चौकटीचीवही

नव्या नोकरीसाठी मुलाखती घेणारी तरुण मंडळी हल्ली हमखास विचारतात की प्रोग्रॅमिंगची आवड तुम्हाला लहानपणापासून होती का. ‘होती’ हे माझे उत्तर खोटे नसते. मात्र ते ऐकल्यावर समोरच्याच्या मनात छंद, पदवी, नोकरी आणि बढती असा जो सरळ रस्ता उभा राहतो, त्यावरून मी कधी चाललेलो नाही, आणि माझ्या वयाचे मुंबईतले बरेच प्रोग्रॅमरही चालले नसावेत. लहानपणी शिकलेली एकही भाषा मला पगार मिळवून देऊ शकली नाही. पोट भरले ते हिशेबाच्या, कराच्या आणि तारखांच्या नियमांवर, आणि हे नियम मला कोणत्याही वर्गात नव्हे तर व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर कळले. तरीही छंद वाया गेला असे मला वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी थोडे तपशिलात लिहितो.

केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ या नावाने संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश बनावटीची यंत्रे दिली. आमची दादरची शाळा त्यांत होती. ३२ किलोबाइट स्मृती, पडद्यावर बेसिक भाषेचा एक चिन्हमात्र संकेत, आणि एका यंत्राभोवती दाटीवाटीने उभी असलेली मुले. प्रत्येकाला कळफलक जेमतेम काही मिनिटे मिळत असल्यामुळे खरा प्रोग्रॅम घरीच लिहावा लागे. गणिताच्या चौकटीच्या वहीत डाव्या बाजूला ओळ क्रमांकासह प्रोग्रॅम लिहायचा, उजवीकडे प्रत्येक चलासाठी एक उभा रकाना आखायचा, मग स्वतः यंत्र होऊन एकेक ओळ वाचायची आणि चलाची किंमत बदलली की जुनी किंमत खोडून तिच्याखाली नवी लिहायची. फॉर-नेक्स्टचे चक्र एकदा जास्त फिरते आहे का, हे त्या रकान्यांत लगेच दिसे. याला ‘ड्राय रन’ म्हणतात हे मला पुढे कळले. तेव्हा तो निव्वळ नाइलाज होता. शाळेत पाळी आली की फक्त टंकायचे काम उरत असे, आणि ज्यांनी वहीचे काम केलेले नसे त्यांची पाळी ‘सिंटॅक्स एरर’ पाहण्यातच संपत असे.

बारावीला व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत आणि देणगी देऊन खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जाण्याची घरची ऐपत नव्हती, म्हणून भौतिकशास्त्रात बी. एस्सी. केले. त्या काळात संध्याकाळी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात यंत्रे जोडण्याचे काम करत होतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे कितीही लिहिले असले तरी तिथे सुटे भाग घ्यायला येणारे गिऱ्हाईक लॅमिंग्टन रोडच म्हणते. तिथल्या कामात शिकण्यासारखे फारसे काही नव्हते, पण यंत्र बसवून द्यायला गेलो की गिऱ्हाईक विचारी, “यात हिशेबाचा प्रोग्रॅमही टाकून द्याल का?” त्या प्रश्नाने माझा व्यवसाय ठरवला.

घाऊक धान्य बाजार तोवर वाशीला हलला होता आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत गाड्या सुरू झाल्यामुळे तिथे रोज जाणे शक्य झाले होते. एका अडत्याच्या पेढीवर आधीच्या कुणीतरी फॉक्सप्रो या नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालीत लिहून ठेवलेला पट्टीचा प्रोग्रॅम मला सांभाळायला मिळाला. माल पाठवणाऱ्याला जी हिशेबपट्टी द्यायची असते, तिच्यात वजन आणि भावाप्रमाणे झालेली रक्कम वर असते आणि तिच्यातून गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा होते. पेढीचे मेहताजी छापलेली प्रत्येक पट्टी पेन्सिलीने पुन्हा तपासत आणि अधूनमधून एका-दोन पैशांचा फरक दाखवून ती परत पाठवत. यंत्राची बेरीज चुकते हे मला पटेना. शेवटी त्यांनी माझ्यासमोर रकाना मांडला. तीन ओळींवर प्रत्येकी १०.३३४ रुपये तोलाई निघत असेल, तर कागदावर प्रत्येक ओळीत १०.३३ छापले जातात आणि त्यांची बेरीज ३०.९९ होते, प्रोग्रॅम मात्र न छापलेल्या तिसऱ्या दशांशासकट ३१.००२ अशी बेरीज करून खाली ३१.०० लिहितो. दोन्ही गणिते बरोबरच होती, परंतु ज्याच्या हातात पट्टी पडते त्याला फक्त छापलेले आकडे दिसतात आणि तो तेच बेरजेला घेतो. म्हणून प्रत्येक ओळ आधी पूर्ण पैशांत आणायची आणि मगच बेरीज करायची, हा मेहताजींचा नियम मी प्रोग्रॅममध्ये घातला. त्यांनी संगणकाला कधी हात लावलेला नव्हता, तरी मी वहीत जो ड्राय रन करत असे तोच ते रोज दुपारी करत होते. मला भेटलेला पहिला खरा परीक्षक म्हणजे टेस्टर तेच, असे मी आजही मानतो.

जुहूच्या एनसीएसटीची म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीची ‘सीएसटी’ ही परीक्षा त्या काळात आमच्यासारख्या, अभियांत्रिकीची पदवी नसलेल्यांसाठी मोठाच आधार होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेली ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. परीक्षेत पाठांतर चालत नसे. दिलेला प्रोग्रॅम वाचून तो काय छापेल, हे सांगावे लागे. चौकटीच्या वहीवर वाढलेल्या मुलाला याहून सोयीची परीक्षा मिळाली नसती. तिच्या जोरावर अंधेरीला सीप्झ या निर्यात उद्योगांच्या वसाहतीत नोकरी लागली. काम होते वाय-टू-केचे : कोबोल या जुन्या भाषेतल्या हजारो ओळी वाचायच्या आणि जिथे वर्ष दोन आकडी ठेवले आहे, म्हणजे २००० साल ‘००’ होऊन १९०० समजले जाईल, तिथे दुरुस्ती करायची. नोंदींची लांबी बदलणे परवडत नसे, तेव्हा एक सीमावर्ष ठरवून त्याखालचे आकडे २००० नंतरचे आणि वरचे १९०० नंतरचे मानले जात. त्यातच कुणीतरी ‘शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते’ एवढाच नियम लिहून ठेवलेला असे आणि ४०० ने भाग जाणारे असते हा अपवाद विसरलेला असे. अशा प्रोग्रॅमला २९ फेब्रुवारी २००० हा दिवस अस्तित्वातच नव्हता. कामात प्रतिष्ठा नव्हती, परंतु दुसऱ्याने लिहिलेले शांतपणे वाचण्याची सवय मला त्या कामानेच लावली.

मग २००१ उजाडले, अमेरिकेतली कामे आटली आणि आम्ही ‘बेंच’वर आलो. सकाळी डबा घेऊन जायचे, काम नाही म्हणून दिवसभर काही ना काही वाचत असल्यासारखे दिसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. ज्यांनी हे अनुभवले नाही त्यांना पगार चालू असताना माणूस का खचतो, हे समजणे कठीण आहे. मी राजीनामा दिला तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढले.

पुढची काही वर्षे मी केलेले काम मला सर्वांत प्रिय आहे आणि त्याचेच पैसे सर्वांत कमी मिळाले. मराठी छापखान्यांत आणि प्रकाशकांकडे जुन्या फाँटांमध्ये टंकलेला मजकूर ढिगाने पडून होता, आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणायचा होता. जुन्या फाँटांत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘स्थिती’ या शब्दात पहिली वेलांटी दिसते डावीकडे, म्हणून जुन्या मजकुरात ती सर्वांत आधी येते. युनिकोडमध्ये ती अख्खे जोडाक्षर ओलांडून ‘थ’नंतर न्यावी लागते. ‘कीर्ती’मधला रफार तर उलट दिशेने जातो : जुन्या मजकुरात तो ‘ती’च्याही नंतर असतो आणि तिथून उचलून ‘त’च्या आधी ठेवावा लागतो. जोडाक्षर कुठे सुरू झाले हे ओळखणारे नियम मी कागदावर रकाने पाडूनच बसवले.

त्यानंतरचे भराभर सांगतो. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी व्हॅट आला आणि जुन्या पेढ्यांना पुन्हा माझी आठवण झाली. एका वाहतूकदारासाठी मुलुंड, दहिसर, मानखुर्द आणि ऐरोली नाक्यांवरच्या जकातीची कागदपत्रे बनवणारा प्रोग्रॅम लिहिला होता, तो १ जुलै २०१७ ला जीएसटी येताच एका रात्रीत मोडीत निघाला. फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच थांबवला होता, त्यामुळे तोवर मी जावा शिकून घेतले होते. सध्या वांद्रे-कुर्ला संकुलात यूपीआयच्या व्यवहारांचा ताळमेळ लावण्याच्या कामावर आहे : पैसे देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम गेली, घेणाऱ्याच्या बँकेचे उत्तर वेळेत आले नाही, तर तो व्यवहार दोन्हीकडच्या नोंदी जुळवून निकाली काढावा लागतो. मेहताजी असते तर पहिल्याच दिवशी या कामाला लागले असते.

आपापले रस्ते लिहावेत. सरळ रस्त्याने गेलेल्यांनीही लिहावे; असे कुणी असल्यास मला उत्सुकता आहे.

प्रतिसाद : हार्बरवाली

लेख आवडला, पण एका गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘लहानपणाचा छंद’ ही सोय ज्यांना होती त्यांनाच तो होता. आमच्या चेंबूरच्या शाळेतही पुढे संगणक आला, तेव्हा कळफलकाजवळ नेहमी तीच चार मुले असत आणि आम्ही मुली मागच्या बाकावरून पडदा पाहत असू. घरी भावासाठी व्हिडिओ गेम आला. मला कुणी विचारलेही नाही. मी बी. कॉम. केले, एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात टॅलीमध्ये नोंदी करत राहिले आणि लग्नानंतर टेस्टिंगमध्ये शिरले, तेही हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला नावे-जमा कळणारा माणूस हवा होता म्हणून. मुलाखतीत मलाही लहानपणाच्या आवडीचा प्रश्न विचारला गेला आणि मी सरळ सांगितले की आवड नव्हती, कारण यंत्रच नव्हते. आता मुलाखती मी घेते तेव्हा तो प्रश्न विचारत नाही. त्याऐवजी उमेदवारापुढे एक चुकलेले बिल ठेवते आणि चूक कुठे आहे ते शोधायला सांगते.

प्रतिसाद : पंचकार्डवाले काका

ड्राय रन हा शाळकरी मुलांचा नाइलाज होता, तसा तो त्याआधी आमचाही होता. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आला. मी पुढच्या दशकात एका कार्यालयाच्या संगणक विभागात लागलो. आम्ही प्रोग्रॅम पंचकार्डांवर, म्हणजे जाड कागदाच्या पत्त्यांवर भोके पाडून, टोचून देत असू आणि त्याचे छापील उत्तर दुसऱ्या दिवशी हातात येत असे. एका स्वल्पविरामापायी एक दिवस जायचा, म्हणून गठ्ठा देण्यापूर्वी शेजारच्या सहकाऱ्याकडून वाचून घेण्याची पद्धत होती.

वाय-टू-केबद्दल तरुण लोक आम्हाला दोष देतात, तेव्हा एवढे लक्षात घ्यावे की एका कार्डावर ८० रकाने असत. नाव, खाते क्रमांक, रक्कम आणि दोन-तीन तारखा त्यातच बसवायच्या असत, आणि प्रत्येक तारखेमागे ‘१९’ लिहिणे ही उधळपट्टी ठरली असती. तो निर्णय त्या वेळी शहाणपणाचाच होता. त्या नोंदी आणि ते प्रोग्रॅम इतकी वर्षे टिकतील, असे मात्र कुणाला वाटले नव्हते. हार्बरवाली यांचा मुद्दा मान्य आहे, फक्त एक भर घालतो : कार्डे टोचण्याच्या विभागात आमच्याकडे बहुतेक मुलीच होत्या आणि त्यांच्यातल्या काहींना आमच्या चुका कार्ड टोचतानाच कळत. त्यांना प्रोग्रॅमर करावे, असे वरच्या कुणालाही सुचले नाही.

प्रतिसाद : अंतिमवर्ष_कल्याण

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाला टर्बो सीचा निळा पडदाच होता, म्हणजे माझ्या जन्माआधीचे सॉफ्टवेअर. आता एआय साधनांना सांगितले की ती काही सेकंदांत प्रोग्रॅम लिहून देतात आणि वर्गातली निम्मी मुले सबमिशन तसेच करतात. अशा काळात वहीत रकाने पाडण्याला काही अर्थ उरला आहे का, की ती केवळ तुमच्या पिढीची हळवी आठवण आहे? प्रश्न उद्धटपणे विचारत नाही. मला खरोखर ठरवायचे आहे की वेळ कुठे घालावा.

प्रतिसाद : चौकटीचीवही

काका, कार्डावरच्या ८० रकान्यांची बाजू कोबोल वाचताना मला कुणी सांगितली असती, तर मूळ लेखकांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या नसत्या. हार्बरवाली, चुकलेल्या बिलाची परीक्षा मी आमच्या कार्यालयात सुरू करणार आहे, श्रेय आपल्याला देऊन.

अंतिमवर्ष, तुझा प्रश्न रास्त आहे. ही साधने मी रोज वापरतो आणि लीप वर्षासारखा ठरलेला नियम ती न चुकता लिहितात. पण पट्टीचा प्रश्न त्यांना विचारून पाहा. ओळीगणिक पैशांत आणून बेरीज करणारा आणि शेवटी एकदाच आणणारा असे दोन्ही प्रोग्रॅम तुला मिळतील आणि दोन्ही चालतील. या पेढीवर त्यांतला कोणता मान्य आहे, हे तूच सांगितल्याशिवाय साधनाला कसे कळणार? शिवाय त्याने लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅमच, आणि तो वाचून ‘अमुक आकडा दिला तर हा काय छापेल’ हे सांगता येणे, हेच तर ड्राय रनचे काम आहे. रकाने वहीत पाड किंवा प्रोग्रॅम एकेक ओळ चालवून दाखवणाऱ्या डीबगरमध्ये चलांच्या किमती पाहा, माझा आग्रह माध्यमाचा नाही. आणि वेळ कुठे घालावा असे विचारतोस तर एखाद्या धंद्याचे नियम मुळापासून शीक : बँकेचे, विम्याचे, बंदरातल्या मालाचे, कोणतेही. मुंबईत यासाठी फार लांब जावे लागत नाही.

प्रतिसाद : बोरिवलीची आई

आमच्या भागात आठ वर्षांच्या मुलांसाठी कोडिंगचे वर्ग जोरात आहेत, मूल वर्षभरात ॲप बनवील असे सांगतात आणि फीचा आकडा ऐकून घाम फुटतो. मुलीला आवड आहे असे वाटते, निदान टॅबलेटची तरी नक्की आहे. इथल्या जाणत्या मंडळींनी काय करावे ते सांगावे. थोरला मुलगा नववीत आहे, त्याच्यासाठीही सुचवावे.

प्रतिसाद : हार्बरवाली

ताई, आठ वर्षांच्या मुलीसाठी अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये आणलेले स्क्रॅच हे मुलांचे प्रोग्रॅमिंग फुकट उपलब्ध आहे. ठोकळे जोडून मांजर चालवायचे असते. ते तिने महिनाभर मन लावून केले तर वर्गाचा विचार करा, नाही केले तर पैसे वाचले. फक्त घरातल्या यंत्रावर तिची वेळ ठरवून द्या आणि त्या वेळेत थोरल्याला तिथे बसू देऊ नका. हे मी अनुभवाने सांगते.

प्रतिसाद : चौकटीचीवही

नववीतल्या मुलासाठी माझी सूचना : आपल्या सोसायटीचे मासिक बिल त्याला प्रोग्रॅममध्ये लिहायला द्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखे येते, पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटली जाते, सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के असतो. म्हणजे एकाच बिलात वाटणीचे तीन वेगळे नियम आले. आधी चार सदनिकांचे बिल त्याने वहीत हाताने काढावे, मग पायथनमध्ये लिहावे आणि दोन्ही ताडून पाहावीत.

प्रतिसाद : बोरिवलीची आई

हे आवडले. आमच्या सोसायटीचे खजिनदार घरचेच आहेत, त्यामुळे जुनी बिले मिळतील. मुलाने वाचता वाचताच पहिला प्रश्न विचारला : भाड्याने दिलेल्या सदनिकेचे बिल वेगळे का येते?

प्रतिसाद : पंचकार्डवाले काका

त्यात बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, वाढते, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. पाणीपट्टीवर किंवा सिंकिंग फंडावर ते लावायचे नसते, हे त्याला पहिल्यापासून सांगा. आमच्या सोसायटीत ते कित्येक वर्षे संपूर्ण बिलावर लावले जात होते आणि भाडेकरू ठेवणाऱ्या एका सभासदाने सर्वसाधारण सभेत उपविधींची प्रत काढून दाखवली, तेव्हा कुठे थांबले.